वाचणं एकवेळ चालेल पण लिहिणं नाही: अमेरिकेतले गुलाम अक्षरं कशी शिकले

अमेरिकेत गुलामांना लिहायला-वाचायला बंदी होती हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं, एखादी ओळ असते आणि आपण पुढे जातो. मी पण तसंच धरून चालले होते. पण ते कायदे एकेक करून बघायला लागले तेव्हा कळलं की बंदी सरसकट नव्हती, आणि सुरुवातीला तर वाचायला बंदी नव्हतीच, बंदी होती लिहायला. साउथ कॅरोलायना या वसाहतीत १७३९ मध्ये स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, आणि पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथे एक मोठा कायदा आला. गुलामांनी काय काय करायचं नाही याची त्यात भलीमोठी यादी होती, आणि त्यातच एक कलम असं होतं की कोणी गुलामाला लिहायला शिकवलं किंवा लेखनिक म्हणून कामाला लावलं तर १०० पौंड दंड. वाचण्याबद्दल त्या कलमात काहीच नाही.

असं का, हे समजायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपण "लिहिणं-वाचणं" असं एका दमात म्हणतो, कारण आपल्याला पहिलीत पाटीवर दोन्ही एकदमच शिकवतात. त्या काळात इंग्रजी जगात तसं नव्हतं. मुलांना आधी नुसतं वाचायला शिकवायचे, अक्षरं मोठ्याने म्हणत म्हणत शब्द जुळवायचे, आणि त्याचा मुख्य हेतू बायबल वाचता यावं हा. लिहिणं नंतर, आणि तेही सगळ्यांना नाही. त्याला पिसाची लेखणी, शाई, कागद, वेगळा मास्तर असं सगळं लागायचं, म्हणजे ते धंद्याचं, कारकुनीचं कौशल्य समजलं जायचं. त्यामुळे कित्येक धार्मिक मालकांना वाटायचं की गुलामाने बायबल वाचलं तर बिघडलं कुठे, उलट "नोकरांनो, धन्याची आज्ञा पाळा" असं त्यात लिहिलेलंच आहे, ते वाचून तो अजून नीट वागेल.

लिहिण्याची भीती मात्र अगदी रोखठोक होती, आणि ती होती पासची. गुलामाला मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाच्या हातची चिठ्ठी लागायची, अमका माझा माणूस आहे, तमक्या ठिकाणी चाललाय, इतक्या वेळात परत येईल, खाली सही. रस्त्यांवर रात्री गोऱ्या लोकांची गस्त असायची, ते अडवायचे, चिठ्ठी मागायचे, नसली की तिथल्या तिथे फटके. आता विचार करा, वाचता येणारा गुलाम दुसऱ्याचं म्हणणं फक्त समजून घेऊ शकतो, पण लिहिता येणारा गुलाम मालकाच्या नावाने स्वतःच हुकूम काढू शकतो, आणि तो हुकूम मालकाच्या हुकुमाइतकाच चालतो! शिवाय गस्तीतल्या काहींना स्वतःलाच धड वाचता यायचं नाही, कसलाही लिहिलेला कागद दाखवला की सोडून द्यायचे, असंही जुन्या गुलामांच्या आठवणींमध्ये येतं. एवढी सगळी साखळी, कुंपण, कुत्री, चाबूक, आणि ती ओलांडायला पुरतो चार ओळींचा कागद. म्हणून लिहिण्यावर डोळा.

मग वाचण्यावर कधी आली बंदी? त्यामागे एक पुस्तिका आहे. डेव्हिड वॉकर नावाचा एक स्वतंत्र काळा माणूस बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान चालवायचा. त्याने १८२९ मध्ये एक जळजळीत पुस्तिका छापली, गुलामांनो उठा, हे सहन करू नका असं सांगणारी, आणि गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत जाणाऱ्या खलाशांच्या हाती ती बंदराबंदरात पाठवली. सव्हाना बंदरात पोलिसांनी प्रती पकडल्या आणि सगळीकडे एकच घबराट झाली. कारण आता वाचता येणं म्हणजे फक्त बायबल वाचता येणं राहिलं नव्हतं, वाचता येणारा एक माणूस रात्री झोपडीत बसून पन्नास जणांना ही पुस्तिका वाचून दाखवू शकत होता. जॉर्जियाने त्याच वर्षी कायदा केला, लुइझियानाने १८३० मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने त्याच सुमाराला. मग ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचा उठाव झाला, तो स्वतः वाचू शकणारा, बायबल पाठ असलेला, त्यामुळे तर मालकवर्गाची खात्रीच पटली. अलाबामाने १८३२ मध्ये, साउथ कॅरोलायनाने १८३४ मध्ये वाचन आणि लेखन दोन्ही बंद केलं.

नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो. शिकवणारा गोरा असेल तर १०० ते २०० डॉलर दंड किंवा तुरुंग, स्वतंत्र काळा असेल तर दंड, तुरुंग किंवा फटके, आणि एका गुलामाने दुसऱ्या गुलामाला शिकवलं तर उघड्या पाठीवर ३९ फटके. गुन्हा एकच, पण शिक्षा कातडीप्रमाणे. आणि त्यातच एक सूट, आकडे शिकवायला हरकत नाही. म्हणजे मालकाची पोती मोजायला, कापसाचं वजन करायला गुलाम हुशार हवा, पण स्वतःचं नाव त्याला लिहिता येता कामा नये.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण इंटरनेटवर ती हमखास चुकीची असते. सगळ्या राज्यांत असा कायदा नव्हता. मेरीलँडमध्ये नव्हता, केंटकीत नव्हता. पण कायदा नसला म्हणून काय झालं, मालकाचा शब्द होता ना. आणि या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस, फ्रेडरिक डग्लस, हा मेरीलँडचाच.

डग्लसचा जन्म १८१८ च्या सुमाराचा, नक्की तारीख त्याला स्वतःला कधी कळली नाही. सात-आठ वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड नावाच्या माणसाच्या घरी पाठवलं. ऑल्डची बायको सोफिया हिच्या हाताखाली आधी कधी गुलाम नव्हता, ती साध्या मनाने त्या पोराला एबीसीडी शिकवायला लागली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत आली सुद्धा. नवऱ्याला कळलं तेव्हा तो त्या मुलासमोरच बायकोवर उखडला की याला बोट दिलंस तर हा हात धरेल, हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कायमचा वाया जाईल. डग्लसने पुढे लिहिलंय की या बोलण्यातूनच त्याला पहिल्यांदा कळलं की गोऱ्या माणसाची सत्ता नेमकी कशावर उभी आहे. म्हणजे मालकाने बंदी घालता घालता त्याला पत्ताच सांगून टाकला.

त्यानंतर त्याने जे केलं ते मला फार बारकाईने सांगावंसं वाटतं, कारण शाळा नाही, मास्तर नाही, वही नाही, आणि वर पाळत, अशा वेळी अक्षर नक्की मिळवायचं कुठून हा प्रश्न आपल्याला कधी पडलेलाच नसतो. घरात त्याला पोटभर ब्रेड मिळायचा, आणि गल्लीतली गरीब गोरी पोरं उपाशी असायची. तो बाहेर कामाला जाताना खिशात ब्रेड आणि पुस्तक घेऊन जायचा, काम पटकन उरकायचा, आणि त्या पोरांना ब्रेड देऊन त्याबदल्यात एक धडा घ्यायचा. त्या पोरांची नावं त्याने नंतरही छापली नाहीत, त्यांना अडचण होऊ नये म्हणून. हे झालं वाचणं. लिहिण्यासाठी त्याने जहाजं बांधायच्या धक्क्यावर नजर ठेवली. सुतार फळी तासून झाली की ती जहाजाच्या कुठल्या भागाची ते त्यावर अक्षराने लिहायचे, डाव्या बाजूची असेल तर एल, उजव्या बाजूची असेल तर एस, पुढच्या भागाची असेल तर सोबत एफ, मागच्या भागाची असेल तर ए. अशी चार अक्षरं त्याने फळ्यांवरून उचलली. मग एखादा मुलगा भेटला की त्याला म्हणायचा मला तुझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं, तो म्हणायचा दाखव, की हा ती चार अक्षरं काढायचा आणि म्हणायचा आता तू याच्यापेक्षा जास्त काढून दाखव, आणि पोरगा इरेला पेटून पुढची अक्षरं काढायचा आणि हा ती बघून ठेवायचा. कुंपण, विटांची भिंत, फरसबंदी ही त्याची पाटी आणि खडूचा तुकडा ही त्याची लेखणी.

(माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण एसटी स्टँडवर आमच्या गावची गाडी बरोबर ओळखायची, पाटीवरच्या पहिल्या अक्षराचा आकार तिने डोक्यात बसवला होता. जहाजाच्या फळ्यांचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.)

आणि शेवटचा टप्पा. मालकाचा मुलगा टॉमी शाळेत जायचा, त्याच्या कित्त्याच्या वह्या भरून झाल्या की घरातच पडून असायच्या. सोमवारी दुपारी मालकीण चर्चच्या बैठकीला जायची आणि डग्लसला घर सांभाळायला ठेवायची. तेव्हा तो त्या वह्या काढून टॉमीच्या ओळींमधल्या मोकळ्या जागेत टॉमीचंच अक्षर गिरवायचा. आपण सहज "कित्ता गिरवणं" म्हणतो, या पोराने तो शब्दशः चोरून गिरवला, आणि असं करता करता त्याचं अक्षर टॉमीसारखं झालं.

बाराएक वर्षांचा असताना त्याने ५० सेंट देऊन भाषणांचं एक शालेय पुस्तक विकत घेतलं. त्यात मालक आणि तीनदा पळून गेलेला गुलाम यांचा संवाद होता, गुलाम असा काही युक्तिवाद करतो की मालक शेवटी त्याला सोडून देतो. हे वाचून त्याला शब्द मिळाले पण चैन गेलं. वाचता येणं हा शाप वाटायला लागला असं त्याने स्पष्ट लिहिलंय, कारण आपली अवस्था पूर्ण कळते आणि बाहेर पडायची शिडी मात्र दिसत नाही, आपल्यासारख्याच पण न वाचणाऱ्या माणसांचा हेवा वाटतो. ही बाजू फारसं कोणी सांगत नाही. त्याच दिवसांत "अबॉलिशन" हा शब्द त्याच्या कानावर पडायचा, लोक रागाने बोलायचे तेव्हा, काहीतरी आपल्याबद्दल आहे एवढं कळायचं. त्याने डिक्शनरी काढली तर त्यात अर्थ काय, तर "अबॉलिश करण्याची क्रिया"! कोणाला विचारायची सोय नाही. शेवटी एका वर्तमानपत्रात गुलामगिरी बंद करा अशा अर्जांची बातमी होती, त्यात तो शब्द सापडला आणि उलगडा झाला की अबॉलिशन म्हणजे गुलामगिरी बंद करणं.

१८३६ मध्ये, तोपर्यंत त्याला परत गावाकडे शेतावर पाठवलं होतं, त्याने चार-पाच साथीदारांसह पळून जायचा बेत केला आणि प्रत्येकासाठी पास स्वतःच्या हाताने लिहिले, या माणसाला ईस्टरच्या सुट्टीसाठी बाल्टिमोरला जायची परवानगी आहे वगैरे. म्हणजे १७४० च्या कायद्याला जी भीती होती ती तंतोतंत खरी करून दाखवली. कोणीतरी फितूर झालं आणि सगळे पकडले गेले. डग्लसने आपला पास गुपचूप चुलीत टाकला, आणि रस्त्यात मित्राने विचारलं माझ्याकडच्याचं काय करू, तर याने सांगितलं बिस्किटाबरोबर खाऊन टाक. पुरावाच उरला नाही म्हणून जीव वाचले. दोन वर्षांनी, ३ सप्टेंबर १८३८ ला, तो खलाशाच्या वेशात, दुसऱ्याच्या नावाचे खलाशी कागद दाखवून निसटला, आणि १८४५ मध्ये स्वतःची कहाणी स्वतः लिहून छापली.

डग्लसबद्दल इतकं सांगितलं की असं वाटतं हे एकट्या हुशार माणसाचं काम होतं, तसं अजिबात नव्हतं. मिसिसिपीतल्या नॅचेझमध्ये मिला ग्रॅन्सन नावाची गुलाम बाई मध्यरात्रीची शाळा चालवायची. दिवसभर राबून झाल्यावर रात्री अकरा-बाराला दारं-खिडक्या बंद करून बारा जण बसायचे, दोन वाजेपर्यंत, आणि ते बारा जण लिहायला-वाचायला लागले की त्यांना सोडून नवे बारा. तिच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी स्वतःचे पास लिहिले आणि कॅनडाची वाट धरली. सव्हानात एका स्वतंत्र काळ्या बाईच्या घरी पंचवीस-तीस मुलं शिकायची. सुझी किंग ही त्यातली एक, जन्म १८४८, तिने सांगितलंय की पुस्तकं कागदात गुंडाळून न्यायची, आत एकेकाने शिरायचं आणि बाहेरही एकेकाने पडायचं, शेजाऱ्यांना वाटायचं मुलं काहीतरी हातकाम शिकतायत. कुठे जंगलात खड्डा खणून वर फांद्या टाकायचे आणि आत मिणमिणत्या उजेडात शिकायचे. लहान मालकांना शाळेत सोडायला जाणारी गुलाम पोरं वाटेत "आज काय शिकलास" असं खेळाखेळात विचारून घ्यायची. पुस्तक बहुतेक वेळा एकच, वेबस्टरचं निळ्या पुठ्ठ्याचं स्पेलिंगचं पुस्तक, आणि त्यात दोन तुकड्यांत उच्चारायचा (बे-कर असा) पहिला शब्द "बेकर" होता, म्हणून मी "बेकर"पर्यंत पोचलो असं लोक अभिमानाने सांगायचे.

पकडलं गेलं तर काय व्हायचं? १९३० च्या दशकात जिवंत असलेल्या म्हाताऱ्या माजी गुलामांच्या मुलाखती सरकारने घेतल्या, दोन हजारांहून जास्त, त्यात चाबकाचे फटके तर वारंवार येतातच, आणि तर्जनीचं पेर तोडल्याचंही काहींनी सांगितलंय. लिहायचं बोटच ते.

हॅरिएट जेकब्स या गुलाम बाईची गोष्ट मला डग्लसइतकीच महत्त्वाची वाटते कारण बाईच्या बाबतीत अक्षर उलटतं कसं ते तिच्याकडून कळतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या ईडेंटन गावात तिच्या पहिल्या मालकिणीने तिला लहानपणी वाचायला शिकवलं होतं. पुढे नव्या घरच्या मालकाने, तो डॉक्टर होता, तिला एकदा स्वतःच लिहायचा सराव करताना पकडलं. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग त्याने विचार केला असावा की हे आपल्या सोयीचंच आहे, कारण तेव्हापासून तो तिच्या हातात घाणेरड्या चिठ्ठ्या सरकवायला लागला. ती म्हणायची मला वाचता येत नाही, तो म्हणायचा मग मीच वाचून दाखवतो. पुढे ती पळाली पण दूर गेली नाही, त्याच गावात आजीच्या घराच्या पोटमाळ्यावर जवळपास सात वर्षं लपून राहिली, ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि सगळ्यात उंच जागी ३ फूट, म्हणजे उभं राहता येत नाही अशी ती जागा. आणि तिथून तिने त्या डॉक्टरला पत्रं लिहिली, उत्तरेतल्या, गुलामगिरी नसलेल्या न्यूयॉर्कहून लिहिल्यासारखी. एका टोपीला गुंडाळून आलेला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा तुकडा तिच्या हाती लागला होता, त्यातून तिने तिथल्या रस्त्यांची नावं घेतली, विश्वासातल्या माणसाकरवी पत्र उत्तरेत नेऊन तिकडच्या पोस्टात टाकलं. डॉक्टर ती उत्तरेत आहे असं धरून चालला, ती त्याच्याच गावात होती.

अजून एक गैरसमज असतो की आफ्रिकेतून आणलेले सगळे निरक्षरच होते. ओमर इब्न सईद हा आजच्या सेनेगलकडचा शिकलेला मुसलमान, १८०७ मध्ये चार्ल्सटनला विकला गेला, पळाला, पकडला, आणि फेएटव्हिलच्या तुरुंगात कोळशाने भिंतीवर अरबी लिहायला लागला. १८३१ मध्ये त्याने आपलं आत्मचरित्र अरबीत लिहिलं, गुलाम असतानाच. आणि जॉर्ज मोझेस हॉर्टन तर लिहायला येण्याआधीच कवी झाला, नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठातल्या पोरांना त्यांच्या प्रेयसींसाठी कविता रचून, तोंडी सांगून विकायचा, २५ ते ७५ सेंट घेऊन. त्याचं पुस्तक १८२९ मध्ये निघालं, स्वातंत्र्य विकत घेण्याइतके पैसे त्यातून जमतील या आशेने, ते जमले नाहीत, तो १८६५ पर्यंत गुलामच राहिला.

आपल्याकडचा एक धागा इथे खराखुरा जोडलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" छापलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली ते साल १८४८, म्हणजे सुझी किंगच्या जन्माचं. दोन्हीकडची परिस्थिती एकच होती असं मी म्हणणार नाही, तिकडे विकत घेतलेलं माणूस आणि छापील कायदा, इकडे जात आणि धर्माचा धाक, पण शूद्र-अतिशूद्रांना अक्षरापासून दूर का ठेवलं हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला सातासमुद्रापलीकडची ती लढाई आपली वाटली, हे मला अगदी साहजिक वाटतं.

१८६० मध्ये अमेरिकेत साधारण ३९.५ लाख गुलाम होते. त्यातल्या किती जणांना वाचता येत होतं याचा अंदाज साधारण शंभरात पाच असा दिला जातो, म्हणजे एवढा बंदोबस्त असून दीड-दोन लाख माणसं. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं तसं हे सगळं उघड्यावर आलं. सप्टेंबर १८६१ मध्ये व्हर्जिनियात मेरी पीक ही बाई, जी आधी चोरून शिकवायची, एका ओकच्या झाडाखाली उघडपणे शिकवायला बसली, ते झाड आजही तिथे आहे. सुझी किंग चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, मुक्त झालेल्यांची मास्तरीण झाली, दिवसा मुलं आणि रात्री मोठी माणसं. १८७० च्या जनगणनेत काळ्या लोकांपैकी जवळपास ८० टक्के निरक्षर होते, १९१० पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांवर आलं.

साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डमध्ये डेव्ह नावाचा गुलाम कुंभार होता, प्रचंड मोठे रांजण घडवायचा, काही ४० गॅलनचे. मातीचा रांजण ओला असतानाच तो त्यावर काडीने दोन ओळींची कविता, तारीख आणि आपलं नाव कोरायचा. राज्याने वाचन-लेखन बंद केलं त्या १८३४ सालातला त्याचा रांजण आहे, १२ जुलैचा. आणि १६ ऑगस्ट १८५७ च्या रांजणावर त्याने लिहिलंय की माझी सगळी नातीगोती कुठे असतील याचं नवल वाटतं. गुलामांचा बाजार भरायचा तिथे नातीगोती विकली जायची, आई एकीकडे, पोरं दुसरीकडे. त्यामुळे मुक्ती मिळाल्यावर लोकांनी लिहिण्याचा एक मोठा वापर काय केला तर माणसं शोधायला. वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या, न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या वर्तमानपत्राने तर १८७९ पासून त्यासाठी खास सदरच चालवलं, ५० सेंट घेऊन: माझ्या आईचं नाव हे, आमचे मालक अमके होते, मला तमक्या गावी विकलं तेव्हा मी इतक्या वर्षांचा होतो, कोणाला माहिती असेल तर कळवा. आणि पाद्र्यांना विनंती असायची की रविवारी हे मोठ्याने वाचून दाखवा, कारण जिचा शोध चाललाय ती म्हातारी समोरच्या बाकावर बसलेली असू शकते आणि तिला वाचता येत नसेल.